लग्नात कुठलं म्युझिक लावायचं? गाण्यांची यादी सगळ्यात शेवटी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकट्या बहिणीचं लग्न, डिसेंबरात, नाशिकला लॉन्सवर, गोरज मुहूर्त, आदल्या दिवशी हळद आणि संगीत, लग्न लागल्यावर तिथेच रिसेप्शन, माणसं साडेतीनशेच्या आसपास. आईला सनई-चौघडा हवाय, भावंडांना डीजे हवाय, मुलाकडच्यांना वरात वाजतगाजत हवीय आणि पैसे त्यातल्या एखाद्याच गोष्टीला पुरतील. तर कुठल्या वेळी काय वाजवायचं याची यादी द्या.

मी साऊंडच्या धंद्यात आहे, लग्नं हेच मुख्य काम. यादी मी मुद्दाम देत नाही कारण गाणं चुकीचं निवडलं म्हणून लग्नाचा विचका झाला असं सहसा होत नाही हो, विचका होतो तो गाणं चुकीच्या मिनिटाला सुरू झालं म्हणून, नाहीतर आवाज इतका ठेवला की मामा-मावशी एकमेकांच्या कानात ओरडतायत म्हणून, नाहीतर लॅपटॉपपाशी कुणी नव्हतंच म्हणून. त्यामुळे आधी वेळा ठरवा, मग आवाज ठरवा, मग बटण दाबणारा माणूस ठरवा. गाणी शेवटी, ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका संध्याकाळात ठरतात (आणि भांडणंही तिथेच होऊन जातात, बरं असतं ते).

सगळ्यात महत्त्वाचं मिनिट म्हणजे अक्षता पडायचं. मंगलाष्टकं चाललीयत, अंतरपाट धरलाय, प्रत्येक कडव्याच्या शेवटी गुरुजी "शुभमंगल सावधान" म्हणतायत आणि लोक प्रत्येक वेळी अक्षता टाकतायत. आता नवीन ऑपरेटर असेल तर तो तिसऱ्या-चौथ्या "सावधान"लाच घाबरून सनई सोडतो, गुरुजी थांबतात, सगळे हसतात, पुन्हा मंगलाष्टक सुरू. हे मी दुसऱ्यांच्या लग्नात पाहुणा म्हणून गेलो तरी बघतोच. यावर उपाय दोन. एक, गुरुजींना आधीच भेटून विचारायचं की शेवटचं काय म्हणणार. बहुतेक गुरुजी शेवटी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" म्हणतात आणि ते चाल बदलून येतं, कारण आधीची मंगलाष्टकं असतात शार्दूलविक्रीडितात, १९ अक्षरांची लांब ओळ, बाराव्या अक्षरावर थांबणारी, आणि हे शेवटचं आखूड ओळींचं, त्यामुळे ज्याला शब्द कळत नाहीत त्यालाही चाल बदललेली कानाला कळते. ते ऐकू आलं की बोट बटणावर. दोन, तरीसुद्धा घरचा एक माणूस अंतरपाटाजवळ उभा करायचा, ज्याचा हात ऑपरेटरला दिसेल असा. अंतरपाट खाली गेला की हात वर. कारण स्टेजसमोर सगळे मोबाईल वर करून उभे असतात आणि ऑपरेटरला मागून काहीच दिसत नाही.

आणखी एक, घरातल्या आत्या-काकू स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणार असतील तर कोण किती म्हणणार ते लिहून घ्या. गुरुजींकडे मुहूर्ताचं घड्याळ असतं, ते कडवी कमी-जास्त करून बरोबर वेळेवर आणतात, पण आत्यांचं एक कडवं चालीत आणि ताना घेत गुरुजींच्या तीन कडव्यांएवढं होतं. सूर पण आधी ठरवा, मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावून सगळ्यांना झेपेल अशी एक पट्टी धरा, नाहीतर पहिली आत्या काळी चारच्या पट्टीत, दुसरी पांढरी एकच्या पट्टीत आणि माईकवर हे सगळं साडेतीनशे लोकांना ऐकू जातंय. माईक दोन ठेवा, एक गुरुजींच्या कॉलरला आणि एक हातातला फिरता. गुरुजींचाच माईक काढून काकूंच्या तोंडापुढे धरायचा प्रकार करू नका, त्यात घरघर येते आणि शिट्टीपण.

आता सनई. आई म्हणतायत ते मला पटतं, पण "सनई लावा" एवढं सांगून भागत नाही. नेटवरून कुठलाही तासाभराचा सनईचा ट्रॅक उतरवला की त्यात सकाळचा राग संध्याकाळी आणि मध्येच भैरवी येते. भैरवी आपल्याकडे मैफल संपवायची, ती लग्न लागायच्या आधी वाजली की जाणकार मंडळी एकमेकांकडे बघतात. बाकीच्यांना कळत नाही हे खरं, पण फुकटात बरोबर होत असेल तर चूक कशाला ठेवायची. तुमचा गोरज मुहूर्त आहे, डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे पाहुणे चार-साडेचारपासून यायला लागतील. तेव्हा पटदीप, भीमपलास, मधुवंती असलं काहीतरी हळू आवाजात. मुहूर्ताच्या आधीचा अर्धा तास पूरिया धनाश्री, ती वेळच त्याची आहे, आणि त्यात एक हुरहूर आहे जी लग्नघराला शोभते. मारवा आणि श्री पण त्याच वेळेचे, पण ते मी लग्नात लावत नाही, मारव्यात जीव टांगणीला लागल्यासारखं होतं. अक्षता पडल्या की यमन, भूप, हंसध्वनी, सगळे मोकळे आणि प्रसन्न. सकाळचं लग्न असतं तर भैरव, तोडी, जौनपुरी आणि दुपारकडे सारंग असं सांगितलं असतं.

रेकॉर्डेड वापरणार असाल तर एक बारीक गोष्ट जी जवळजवळ कुणीच करत नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांचं किंवा कुणाचंही रागाचं रेकॉर्डिंग सुरू होतं ते आलापाने, संथ, ताल नाही. अंतरपाट खाली गेला, अक्षतांचा पाऊस पडला, लोक टाळ्या वाजवतायत आणि स्पीकरमधून येतंय एक लांबलचक सूर… सगळा उत्साह जागच्या जागी बसतो. अक्षतांसाठी ट्रॅकचा शेवटचा भाग लागतो, जिथे द्रुत म्हणजे जलद लय चालू झालीय आणि नगारा-तबला पूर्ण जोरात आहे. ते मिनिट ऐकून शोधा, ऑडासिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात तिथून पुढचा तुकडा कापा, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा जिथे पडते बरोबर तिथे कापा, आणि "अक्षता" अशा नावाने वेगळी फाईल सेव्ह करा. बटण दाबल्या क्षणी चौघडा धडाडला पाहिजे. त्याच्या शेवटी आवाज हळूहळू कमी होत पुढच्या शांत ट्रॅकमध्ये जाईल असं करा कारण तीन-चार मिनिटांनी गुरुजींना लगेच पुढचे विधी करायचे असतात आणि लोक जेवणाकडे वळलेले असतात.

लाईव्ह वाजंत्री घेतलेत तर हे सगळं आपोआप होतं, ते पिढ्यान्‌पिढ्या हेच करतायत, त्यांना गुरुजींचा सूर बघूनच कळतं शेवट आलाय ते. सनईवाले दोन असतात, एक मुख्य वाजवणारा आणि दुसरा सूर धरणारा, जोडीला संबळ किंवा चौघडा. सोलापूरकडे सुंदरी मिळते, सनईहून लहान आणि आवाजाला गोड. बुक करताना विचारा सलग किती वेळ वाजवणार, कारण हे फुंकून वाजवायचं वाद्य आहे, तीन तास न थांबता कुणी वाजवू शकत नाही, अर्ध्या-पाऊण तासाने विश्रांती लागते आणि त्या विश्रांतीत रेकॉर्डेड लावायला ऑपरेटर तयार पाहिजे. माईक सनईच्या तोंडात घालू नका, एक-दीड हात लांब ठेवा, सनईचा आवाज मुळातच चिरत जाणारा, उघड्या लॉनवर तर माईक नावापुरताच लागतो. आणि त्यांना पाण्याच्या बाटल्या नि चहा जागेवर द्या. लग्नघरात सगळ्यात आधी येणारे आणि सगळ्यात शेवटी जेवणारे हेच लोक असतात, ते बरोबर दिसत नाही.

कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी या वेळी काही नको. खरंच काही नको. मंत्र ऐकू येऊ देत. मागून बारीक बासरी लावायचा हल्ली फॅशनसारखा प्रकार झालाय, व्हिडिओवाल्यांना ते आवडतं पण ती बासरी ते एडिटिंगमध्ये नंतर घालतातच, त्यांना तुमच्या आवाजाची गरज नसते. सप्तपदीत गुरुजी अर्थ सांगणारे असतील तर तो लोकांना ऐकायचा असतो. कानपिळीला नवरीचा भाऊ म्हणून तुम्हीच उभे असणार, तेव्हा मित्र एखादं चावट गाणं लावायला सांगतील, दहा सेकंद चालतं ते, ऐनवेळी मजा येते.

हळदीचं तुम्ही विचारलं नाही फारसं पण माझ्या मते सगळ्यात जास्त गंमत तिथेच करता येते आणि सगळ्यात कमी खर्चात. तुमच्याकडे कुणी जुन्या बायका आहेत का ज्यांना घाणा भरतानाच्या, हळद दळतानाच्या ओव्या येतात? आजी, आजीची बहीण, गावाकडची कुणीतरी? असतील तर त्यांना समोर बसवून एक माईक द्या आणि पहिली वीस मिनिटं फक्त त्यांची. मुंबई-रायगडच्या आगरी-कोळी लग्नात धवलारीण असते, ती धवले म्हणजे लग्नविधींची गाणी गाते आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, तिकडे हा मान अजून टिकलाय. बाकीच्यांकडे हे गेलं आणि त्याजागी सगळीकडे तीच हिंदी सिनेमातली हळद आली. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा आजीचं, पंख्यापासून लांब बसवून. त्यानंतर मग लावा काय नाचायचं ते.

नाचायचं म्हणजे संगीतचा कार्यक्रम आणि डीजे. यात एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. आपल्या लोकांचे पाय दोन प्रकारच्या ठेक्यावर हलतात. एक तो झुलता ठेका, सहा मात्रांचा, कोळीगीतांचा, बऱ्याच लोकगीतांचा; आणि दुसरा सरळ चार मात्रांचा, हिंदी-पंजाबी आणि क्लबवाल्या गाण्यांचा. घरचा पोरगा प्लेलिस्ट करतो तेव्हा एक हे एक ते असं लावतो आणि दर गाण्याला फ्लोअरवर लोक अडखळतात, दोघं पाणी प्यायला जातात ते परत येत नाहीत. त्यामुळे गठ्ठे करा. झुलत्या ठेक्याची चार-पाच सलग, मग एक सगळ्यांना पाठ असलेलं जुनं गाणं, मग सरळ ठेक्याची. पहिला गठ्ठा कायम पन्नाशीच्या पुढच्यांचा ठेवा, कारण ते लवकर जेवून झोपणार असतात आणि एकदा काका-मावशी नाचले की पोरांची लाज आपोआप जाते. उलटं केलंत तर काका खुर्चीवरच राहणार. वेग एकदम वाढवू नका, हळूहळू चढवा, आणि दर अर्ध्या तासाने एक संथ गाणं पाहिजे, नाहीतर अर्धी माणसं दमून बाहेर.

बसवलेले डान्स असतील तर प्रत्येक ग्रुपकडून कापलेली, फायनल फाईल दोन दिवस आधी घ्या. व्हॉट्सॲपवर फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं, आणि नावात नंबर घालायला लावा, "०३ मावश्या" असं. "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" अशा तीन फाईल्स स्टेजवर उघडून बघायची वेळ येते नाहीतर.

फोनवरून वाजवायचं असेल तर फोन फ्लाईट मोडवर, ब्लूटूथ नको, वायर. ब्लूटूथला शेजारच्या पोराचा फोन जोडला जातो आणि मंगलाष्टकात रीलचा आवाज येतो. नेटवरून थेट लावू नका, लॉन्सवर साडेतीनशे लोक एकाच टॉवरवर असतात, नेट मरतंच, आणि सनईच्या मध्ये साबणाची जाहिरात लागली तर काय करणार. सगळं डाऊनलोड करून एक प्रत पेनड्राईव्हवर. लाईट गेली तर जनरेटर चालू व्हायला थोडा वेळ जातो, तेवढ्यासाठी मिक्सर आणि लॅपटॉप छोट्या यूपीएसवर ठेवायला सांगा, नाहीतर लाईट आल्यावर सगळं पहिल्यापासून.

आता आवाज. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, म्हणून लोक काय करतात की स्टेजजवळ दोन मोठे स्पीकर लावून फुल्ल करतात म्हणजे मागच्या रांगेला ऐकू जाईल. पुढच्या रांगेत बसलेल्या आजोबांचं काय होतं? त्यापेक्षा चार-सहा छोटे स्पीकर पूर्ण लॉनभर पसरून कमी आवाजात लावा. भाडं थोडं वाढतं पण नात्यातली माणसं एकमेकांशी बोलू शकतात, आणि लग्नाला लोक येतात ते भेटायला. जेवणाच्या भागातला आवाज वेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे हे साऊंडवाल्याला आधी सांगा. रिसेप्शनला गाणी शब्दांची नकोतच असं माझं मत, संतूर, बासरी, सतारीवर जुनी भावगीतं, एवढं बास. स्टेजवर रांग लागलेली असते, प्रत्येक जण नवरा-नवरीच्या कानाशी काहीतरी बोलत असतो. आणि उखाण्याच्या वेळी म्युझिक पूर्ण बंद, माईक आधीच चालू करून नवरीच्या हातात द्यायचा. "हॅलो हॅलो, येतोय का आवाज" हे उखाण्याच्या आधी नको.

वरातीचं आणि कायद्याचं एकत्र सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. बंदिस्त बँक्वेट हॉलला यात सूट आहे, लॉन्सला नाही. मध्यरात्रीपर्यंत परवानगीचे वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस असतात ते सणांसाठी, आपल्या लग्नासाठी नाही, त्यामुळे "आमची ओळख आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, साधं समोरासमोर बोलणंच ६० च्या आसपास जातं, यावरून समजा डॉल्बी कुठे बसते. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या आसपास १०० मीटरचं शांतता क्षेत्र असू शकतं, वरातीचा रस्ता ठरवताना तेवढं बघा. तुमचं लग्न संध्याकाळचं, त्यामुळे वरात मुहूर्ताच्या आधी, चारच्या सुमाराला, अर्धा-पाऊण तासाची. लांबवली तर मुहूर्त टळतो आणि गुरुजी तुमच्या वडिलांवर चिडतात, मुलाकडच्यांवर नाही.

वरातीला मी तरी डीजेची गाडी सुचवणार नाही. ब्रास बँड घ्या किंवा हलगी, ढोल-ताशा, कोकणातले पाहुणे असतील तर बेंजो. माणसं वाजवतात तेव्हा नाचणाऱ्यांकडे बघून वाजवतात, कुणी दमलं की लय उतरवतात, नवरदेवाचा मित्र पुढे आला की चढवतात, ते पेनड्राईव्हला जमत नाही. बँडमास्तरला पन्नास गाण्यांची फर्माईश देऊ नका, त्याला विचारा "तुमची बसलेली पाच कुठली" आणि तीच वाजवायला सांगा. नवीन रिलीज झालेलं गाणं बँडवर बहुतेक वेळा फसतं, क्लॅरिनेट एकीकडे आणि कॉर्नेट दुसरीकडे.

आणि ते लायसन्सचं. हॉलवाले कधी कधी सांगतात की गाणी वाजवायची तर म्युझिक कंपन्यांच्या संस्थेची पावती आणा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए) वाचायला सांगा त्यांना: धार्मिक विधीत वाजवलेलं संगीत उल्लंघन धरत नाहीत आणि त्यात लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभ येतात असं स्पष्टीकरणातच लिहिलंय. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ ला जाहीर सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. पुढे गोवा सरकारने याच अर्थाचं परिपत्रक काढलं ते मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलं, पण रद्द झालं ते परिपत्रक, कायद्यातलं कलम जसंच्या तसं आहे. हां, लग्नाचा व्हिडिओ गाणं घालून युट्यूबवर टाकलात तर तो भाग वेगळा, तिथे आवाज म्यूट होऊ शकतो.

पाठवणीला रडकी गाणी लावू नका एवढी एकच विनंती. ज्यांना रडायचंय ते रडतातच, त्यांना स्पीकरची मदत लागत नाही. हळू सनई चालू राहू दे, किंवा तीही नको.

आता पैसे एकालाच पुरतायत म्हणता, तर तुमच्या जागी मी असं केलं असतं. लाईव्ह सनई फक्त साडेचार ते सात. साऊंड दोन्ही दिवसांचा एकाच माणसाकडून, म्हणजे भावात बसतो, आणि त्याला लग्नाच्या दिवशी डीजे म्हणायचं नाही, ऑपरेटर म्हणायचं, तो लॅपटॉप सोडून जेवायला गेला तर तेवढा वेळ बघायला घरचा एक शहाणा पोरगा बाजूला. नाचगाणं सगळं हळदीच्या रात्री, दहाच्या आत. वरातीचा बँड मुलाकडचे बघतील का ते त्यांना सरळ विचारा, बऱ्याच घरांत तो खर्च त्यांचाच असतो आणि त्यांना तसंही आपल्या पसंतीचा हवा असतो. आणि हे सगळं ठरवायच्या आधी आजच लॉन्सवाल्याला फोन करा की बाहेरचा साऊंड आणू देता का, कारण बऱ्याच ठिकाणी त्यांचाच घ्यावा लागतो नाहीतर वर वेगळा चार्ज लावतात, आणि ते कळेपर्यंत कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.